मग्दालीया मरीया: 'पापी स्त्री' हा शिक्का आला कुठून, आणि अजून पुसला का जात नाही?

पारिजात
नमस्कार मंडळी. मग्दालीया मरीयेचं नाव काढलं की पुढचं वाक्य ठरलेलं असतं: "ती वेश्या ना, येशूने जिला सुधारलं?" ख्रिस्ती घरांत हे ऐकू येतं, बाहेर तर येतंच. पण नवा करार उघडून पाहिला तर असं कुठेही लिहिलेलं नाही. लूकच्या शुभवर्तमानाच्या (येशूचं चरित्र सांगणाऱ्या चार पुस्तकांपैकी एक) आठव्या अध्यायात तिची ओळख येते. तिच्यातून सात भुतं निघाली होती, आणि योहान्ना, सुसान्ना वगैरे स्त्रियांबरोबर ती स्वतःच्या पैशांतून येशू आणि शिष्यांची सोय पाहत होती. पुढे वधस्तंभापाशी ती आहे, दफन होताना आहे, आणि रविवारी पहाटे कबरीपाशी तर चारही शुभवर्तमानांत तिचं नाव आहे. इतकी सलग साक्ष बारा शिष्यांपैकी एकाचीही नाही.

मला यात नुसता गैरसमज दिसत नाही, अन्याय दिसतो. पुनरुत्थानाची बातमी जिने सगळ्यांत आधी दिली, तिची ओळख तिच्या न केलेल्या पापावरून ठरली. हे सुरू कुठे झालं, कुणाला सोयीचं होतं? आणि ख्रिस्तसभेने स्वतः दुरुस्ती करून इतकी वर्षं झाली, तरी ते टिकून का आहे? जाणकारांनी लिहावं, ही विनंती.

शंकासुर
मग लूकमधली ती अश्रूंनी पाय भिजवणारी, केसांनी पुसणारी बाई कोण? मला तर लहानपणापासून तीच मग्दालीया असं सांगितलंय.

चाफेकळी
वाचतेय. विषय काढल्याबद्दल आभार.

नगरकर
शंकासुर, तुमच्या प्रश्नातच धाग्याचं उत्तर आहे. तीन वेगवेगळ्या स्त्रियांची एक बाई झाली.

पहिली, लूकच्या सातव्या अध्यायातली. शिमोन नावाच्या परुशाच्या (धर्मनियम काटेकोर पाळणाऱ्या यहुद्याच्या) घरी येशू जेवायला बसलेला असताना ती येते. लूक तिला 'पापी स्त्री' म्हणतो, नाव देत नाही. दुसरी, बेथानीची मरीया. मार्था आणि लाजर यांची ही बहीण. योहानाच्या बाराव्या अध्यायात तीही येशूच्या पायांना जटामांसीचं सुगंधी तेल लावते आणि केसांनी पुसते. तिसरी आपली मग्दालीया. तेल, पाय, केस या खुणा पहिल्या दोघींच्या, आणि मरीया हे नाव दुसरी-तिसरीचं. सांधा असा जुळला.

त्यात लूकचा सातवा अध्याय पापी स्त्रीच्या प्रसंगावर संपतो आणि आठवा उघडला की तीन ओळींत मग्दालीया समोर येते. वाचणाऱ्याला वाटतं, हीच ती. पण लूक तिची ओळख अगदी नव्याने करून देतो. आधीच्या पानावरचीच बाई असती तर त्याने तसं सांगितलं असतं.

हे एकत्रीकरण पक्कं केलं पोप पहिले ग्रेगरी यांनी. इ.स. ५९१ मध्ये रोममधल्या एका प्रवचनात त्यांनी सांगितलं, की लूक जिला पापी म्हणतो, योहान जिला मरीया म्हणतो आणि जिच्यातून सात भुतं निघाली ती, या तिघी एकच. सात भुतं म्हणजे सात दुर्गुण. आणि हातातलं सुगंधी तेल ती आधी वाईट कामासाठी अंगाला लावत असे. हा शेवटचा तपशील कुठल्याही शुभवर्तमानात नाही.

आता ग्रेगरींवर सगळं ढकलूही नये. काळ पाहा. टायबरला पूर येऊन गेलेला, त्यापाठोपाठ प्लेग, त्यांच्या आधीचे पोप त्या प्लेगमध्येच गेलेले, लोंबार्ड लोकांची भीती. लोकांना पश्चात्तापाकडे वळवायला त्यांना एक जिवंत उदाहरण हवं होतं. तेव्हाची गरज खरी होती. पण त्यासाठी वापरली गेली ती एका स्त्रीची अब्रू, आणि पश्चिमेकडच्या ख्रिस्तसभेत ते पुढे जवळजवळ चौदाशे वर्षं चाललं.

ओवीबद्ध
आपल्याकडे कान्होपात्रा आहेच की. मंगळवेढ्याच्या गणिकेची मुलगी, आणि तिला संतांमध्ये मान. मरीया तशी असती तरी काय बिघडलं? भक्तीने सगळं धुऊन निघतं.

पारिजात
ओवीबद्ध, कान्होपात्रेचं तिच्या तोंडून आपल्याला कळतं, तिचे अभंग आहेत. जन्माने वाट्याला आलेलं नाकारून ती विठ्ठलाकडे गेली, ही तिची स्वतःची कहाणी. मरीयेवर दुसऱ्या कुणाचीतरी कहाणी लादली. देहविक्रय करावा लागणाऱ्या बाईला मी कमी लेखत नाही, येशूनेही लेखलं नाही. पण जे घडलं नाही ते घडलं म्हणून का सांगायचं?

जुनी_वही
थोडं वेगळं मत मांडते. पश्चात्ताप करणारी मरीया मला फार जवळची आहे. माझ्या आईचं नाव मॅग्डलिन, म्हणजे मग्दालीयाच. तिच्या आयुष्यात अशी काही वर्षं गेली, की लोक तोंड फिरवून जात. तेव्हा तिला धीर मिळाला तो या संतिणीमुळे, "तिला क्षमा झाली तर मलाही होईल" या एका विचारावर. तुम्ही अभ्यासकांनी तीन बायका वेगळ्या केल्या. बरोबरच असेल. पण माझ्या आईसारख्यांच्या हातात मग काय उरलं?

नगरकर
ताई, ती लूकची निनावी स्त्री तशीच उरते. तिला येशू म्हणतो, तुझ्या पापांची क्षमा झाली आहे, शांतीने जा. त्यासाठी मग्दालीयेचं नाव लागत नाही. उलट त्या बाईला नाव नाही म्हणून तिच्या जागी कुणालाही उभं राहता येतं. तुमच्या आईंचा विश्वास खोटा ठरत नाही, एवढंच मनापासून सांगतो.

जुनी_वही
हे पटलं. तरी नाव असलेल्या माणसापाशी जसं बोलता येतं तसं निनावी बाईपाशी येत नाही, हे माझं म्हणणं राहू दे.

सह्यकडा
सात भुतांचं काय मग? काहीतरी वाईट वागणं असल्याशिवाय भुतं कशी लागतील?

वैद्यबुवा
शुभवर्तमानांत भूत लागणं हे बहुतेक वेळा आजार म्हणून येतं. मार्कच्या नवव्या अध्यायातल्या मुलाची वर्णनं वाचा: जमिनीवर पडणं, तोंडाला फेस, दात खाणं. आजचा कुणीही वाचक म्हणेल, ही फेफऱ्याची लक्षणं. त्या मुलाला कुणी पापी म्हणत नाही. गरसेकरांच्या प्रदेशातला कबरींमध्ये राहणारा माणूस घ्या, त्याच्यात तर भुतांची फौज. त्याच्या चारित्र्यावरही आजवर कुणी बोट ठेवलेलं नाही. पुरुषाला भूत लागलं तर तो पीडित, बाईला लागलं तर ती बदचलन, हा हिशेब कुणी कुणाला शिकवला? सात म्हणजे आजार फार मोठा, पूर्ण ग्रासणारा, इतकाच अर्थ मला लागतो.

किनारा
गावाबद्दल थोडं. मग्दला हे गालील सरोवराच्या पश्चिम काठावरचं मासेमारीचं गाव. तिथले मासे खारवून लांब जायचे. ग्रीकांनी त्याला दिलेलं तारिखेया हे नावसुद्धा मासे खारवण्यावरूनच आलेलं. २००९ साली तिथे येशूच्या काळातलं सभास्थान खणून निघालं, आणि त्यात एक कोरीव दगड सापडला, त्यावर सात फाट्यांची दीपमाळ. यरुशलेमचं मंदिर उभं असतानाच्या काळातलं ते कोरीव काम म्हणून अभ्यासक त्याला फार महत्त्व देतात. इसवी सन ६७ मध्ये रोमनांनी हे गाव घेतलं. सुक्या मासळीचा धंदा असलेल्या किनाऱ्यावरच्या गावातून बायकांच्या हाती पैसा असणं, हे मला सातपाटीत वाढल्यामुळे अजिबात नवलाचं वाटत नाही.

अमेय७
तिचं आणि येशूचं लग्न झालं होतं, आणि चर्चने ते दडपलं, असंही वाचलंय. त्यावर कुणी काही लिहिलं नाही?

नगरकर
कारण त्याला पुरावा नाही. २००३ सालच्या एका गाजलेल्या रहस्यकथेने ते घरोघरी नेलं. एकाही प्राचीन ग्रंथात ती येशूची बायको असल्याचं लिहिलेलं नाही. १९४५ मध्ये इजिप्तच्या नाग हम्मादीजवळ सापडलेल्या हस्तलिखितांत फिलिपाचं शुभवर्तमान आहे. त्यात येशूचं तिच्यावर इतरांपेक्षा जास्त प्रेम होतं असं येतं आणि चुंबनाचा उल्लेखही आहे, पण नेमक्या त्या जागी पपायरसला भोक आहे. त्या भोकात लोकांनी अख्खा संसार मांडला. २०१२ मध्ये 'येशूची पत्नी' असा उल्लेख असलेला पपायरसचा तुकडा पुढे आला होता, तो २०१६ पर्यंत बनावट ठरला.

अमेय७
आभार. त्या भोकाची गोष्ट ऐकून हसू आलं आणि वाईटही वाटलं.

चित्रवेडी
मला तर बायको ठरवणंही त्याच जातीचं वाटतं. वेश्या किंवा बायको. तिला तिसरं काही होऊच द्यायचं नाही, कुठल्यातरी पुरुषाच्या बिछान्याशी बांधायचं. शुभवर्तमानांत मात्र बाकीच्या मरीया अमक्याची आई, तमक्याची बायको म्हणून येतात, आणि ही एकटी आपल्या गावाच्या नावाने. हे मला फार आवडतं.

चित्रांबद्दल लिहिते, कारण शिक्का टिकवण्यात चित्रकारांचा हात मोठा. फ्लॉरेन्समध्ये दोनातेल्लोचा लाकडी पुतळा आहे. खंगलेली, दात पडलेली, खाली लोंबणाऱ्या लांब केसांनीच अंग झाकलेली मरीया. पंधराव्या शतकातलं काम. ते केस आणि ते वाळवंटातलं तप आलंय इजिप्तच्या मरीयेकडून, म्हणजे चौथी बाई! ती खरंच आधीचं भोगी आयुष्य सोडून वाळवंटात गेलेली संतीण. तिची कथा मग्दालीयेला जोडली गेली, आणि फ्रान्समध्ये तर सेंत-बोमच्या गुहेत तिने तीस वर्षं तप केलं, अशी आख्यायिका झाली. मग तिशियानोने तिला काढलं ती उघड्या अंगाची, सोनेरी केसांची, डोळे आकाशाकडे. पश्चात्तापाच्या नावाखाली नग्न बाई भिंतीवर लावायची सोय झाली. मला ती चित्रं सुंदर वाटतात आणि त्यांचा रागही येतो. त्यातल्या त्यात ज्यॉर्ज द ला तूरची मेणबत्तीसमोर बसलेली मरीया पाहावी, ती कुणासाठी बसलेली नाही.

पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स प्रतिमा पाहिल्या तर सगळं वेगळं. हातात सुगंधी तेलाचं भांडं किंवा लाल अंडं, अंगभर वस्त्र, सरळ नजर. त्यांनी या तिघींना कधी एक केलंच नाही. तिला ते प्रेषितांच्या बरोबरीची मानतात.

शंकासुर
लाल अंडं?

चित्रवेडी
दंतकथा आहे. ती रोमला तिबेरियस बादशहासमोर उभी राहून पुनरुत्थानाची घोषणा करते. तो म्हणतो, मेलेला उठणं म्हणजे हे अंडं लाल होण्यासारखं. आणि अंडं लाल होतं. पाहा, तिथल्या दंतकथेतसुद्धा ती रडत नाही, बोलते.

डब्लिनची_मावशी
मी बरीच वर्षं आयर्लंडमध्ये आहे, म्हणून हे लिहिल्याशिवाय राहवत नाही. हा शिक्का पुस्तकात राहिला असता तर मी एवढी पेटून उठले नसते. इथे त्याच्या भिंती उभ्या राहिल्या. 'मॅग्डलिन लाँड्री' असं नाव. मूळ कल्पना अठराव्या शतकातली, वाट चुकलेल्या स्त्रियांना आसरा द्यायची. १७५८ मध्ये लंडनला मॅग्डलिनच्या नावाने असं घर निघालं, मग डब्लिनला. पुढे आयर्लंडमध्ये ती मठांची धुलाईकेंद्रं झाली. लग्नाशिवाय दिवस गेलेल्या मुली, अनाथाश्रमातून मोठ्या झालेल्या, कोर्टाने पाठवलेल्या, काही तर नुसत्या घरी नकोशा झालेल्या. बिनपगारी कपडे धुवायचे, दारं बंद. कित्येकींची नावं बदलली. त्यांना म्हणायचे 'पश्चात्तापी'. कशाचा पश्चात्ताप, हे त्यांतल्या पुष्कळ जणींना कळलंच नाही.

१९९३ मध्ये डब्लिनच्या एका मठाने जमीन विकली, तेव्हा तिथल्या दफनभूमीतून १५५ स्त्रियांचे अवशेष बाहेर काढावे लागले, आणि त्यांतल्या अनेकींच्या मृत्यूची नोंदच नव्हती. शेवटची लाँड्री बंद झाली १९९६ साली. १९२२ पासून तोवर सुमारे दहा हजार स्त्रिया या भिंतींआड गेल्या, असा सरकारी समितीचा अंदाज. फेब्रुवारी २०१३ मध्ये पंतप्रधान एंडा केनी यांनी संसदेत माफी मागितली. सेंट स्टीफन्स ग्रीन बागेत या बायकांच्या नावाने एक बाक आहे. मी तिथे बसते तेव्हा वाटतं, लूकने जिला 'आपल्या पैशाने सेवा करणारी' म्हटलं, तिच्या नावाने बायकांना एक पैसा न देता राबवलं.

जुनी_वही
मावशी, हे मला माहीत नव्हतं. माझ्या आधीच्या म्हणण्यावर मी ठाम आहे, पण हे वाचून झोप येणार नाही.

केडगावची_पोर
आश्रयगृहांचा विषय निघालाच आहे तर दुसरी बाजूही सांगते. पंडिता रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या, वाँटेजच्या मठातल्या सिस्टर्सकडे राहिल्या. सिस्टर्सचं लंडनमध्ये फुलहॅमला पतित म्हणवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी घर होतं. टाकून दिलेल्या बायकांना कुणी मायेने वागवतं, हे पाहून त्या हलून गेल्या. योहानातली शोमरोनी स्त्रीची (येशू विहिरीपाशी जिच्याशी बोलला तिची) कथा त्यांनी तेव्हाच वाचली, आणि ख्रिस्ताकडे त्या ओढल्या गेल्या, असं त्यांनी स्वतः लिहिलंय. पुढे केडगावला मुक्ती या त्यांच्या आश्रमाबरोबर कृपासदन निघालं ते याच स्त्रियांसाठी. तेव्हा अशी घरं सगळीच डब्लिनसारखी नव्हती.

पण गंमत पाहा. ती शोमरोनी स्त्री. तिचे पाच नवरे झाले आणि आता ज्याच्याबरोबर आहे तो तिचा नवरा नाही, एवढंच योहान सांगतो. मेले असतील, सोडून गेले असतील. त्या काळी सोडचिठ्ठी देणं नवऱ्याच्या हातात. येशू तिला पापी म्हणत नाही, क्षमाही करत नाही. तो तिच्याशी उपासनेबद्दल बोलतो, आणि ती जाऊन अख्ख्या गावाला घेऊन येते. आणि आपण प्रवचनात काय ऐकतो? बदनाम बाई, म्हणून भर दुपारी विहिरीवर आली. म्हणजे मग्दालीया एकटी नाही. शुभवर्तमानात जी बाई बातमी घेऊन धावते तिच्यामागे कुजबुज लावून द्यायचीच, असं दिसतं.

पारिजात
केडगावची_पोर, फार मोलाचं लिहिलंत. "कुणाला सोयीचं" याचं उत्तर मला इथे दिसायला लागलं.

नगरकर
सोयीचं म्हणाल तर ते ग्रेगरींच्याही आधीपासून. पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात पुनरुत्थित ख्रिस्त कुणाकुणाला दिसला याची यादी आहे: केफा (म्हणजे पेत्र, शिष्यांचा पुढारी), बारा, पाचशेहून अधिक बांधव, याकोब. एकाही स्त्रीचं नाव नाही. दुसऱ्या शतकात सेल्सस नावाचा टीकाकार हिणवतो, की पुनरुत्थान पाहिलं कुणी, तर एका वेडसर बाईने. बाईची साक्ष ही तेव्हा अडचण होती. तरीही चौघांनी तिचं नाव गाळलं नाही, म्हणून ते खरं असावं असं मला वाटतं. कुणी रचून सांगितलं असतं तर पेत्राला पुढे केलं असतं.

मरीयेचं शुभवर्तमान म्हणून एक प्राचीन ग्रंथ आहे, त्याचं हस्तलिखित १८९६ मध्ये कैरोत विकत घेतलं गेलं. त्यात ती शिष्यांना धीर देते, येशूने सांगितलेलं सांगते, आणि पेत्र चिडतो, की तो आम्हाला सोडून एका बाईशी बोलला? लेवी नावाचा शिष्य पेत्राला गप्प करतो. हा इतिहास म्हणून मी घेत नाही, पण तिच्या अधिकारावरून सुरुवातीच्या मंडळ्यांत वाद होता हे त्यातून दिसतं.

सह्यकडा
योहानाच्या विसाव्या अध्यायात पेत्र आणि 'दुसरा शिष्य' कबरीकडे पळत जातात, तिथे दुसरा शिष्य आधी पोचला हे योहान आवर्जून नोंदवतो. धावण्याची शर्यत जिंकली आणि दोघे घरी परतले! थांबली ती मरीया.

चाफेकळी
सह्यकडा, हे आता दर ईस्टरला आठवून हसणार मी.

वसईचा_वारा
मी कॅथलिक, पॅरिशमध्ये (आमच्या चर्चमध्ये) वाचनसेवा करतो, म्हणजे उपासनेत बायबलचे उतारे वाचतो. पारिजातताईंच्या मूळ प्रश्नाचा दुसरा भाग, अजून का जात नाही, तो कुणी हाताळला नाही. माझं निरीक्षण लिहितो.

दुरुस्ती झाली हे खरं. खरं तर १५१७ मध्येच फ्रेंच विद्वान लफेव्र देताप्लने या तिघी वेगळ्या असं लिहिलं, आणि १५२१ मध्ये पॅरिसच्या सॉरबोन विद्यापीठाने त्याच्या मताचा निषेध केला. मग १९६९ मध्ये नवी उपासना-दिनदर्शिका आली, तेव्हा २२ जुलैच्या तिच्या सणाला लूकमधली पापी स्त्री काढून योहानाचा विसावा अध्याय ठेवला. जून २०१६ मध्ये पोप फ्रान्सिस यांच्या इच्छेने तिचा स्मरणदिन प्रेषितांच्या सणांच्या बरोबरीचा झाला आणि 'प्रेषितांची प्रेषित' ही जुनी पदवी अधिकृतपणे पुढे आली.

पण लोक ऐकतात काय? २२ जुलै बहुतेक आठवड्याच्या मधल्या वारी येतो, तेव्हा मिस्साला (चर्चमधल्या उपासनेला) किती जण असतात हे तुम्हीच जाणता. ईस्टरच्या रविवारचं वाचन योहान २०, ओवी १ ते ९. तिथे थांबतं. तिची आणि प्रभूची भेट, तिने जाऊन "मी प्रभूला पाहिलं" सांगणं, हे त्यापुढचं. ते वाचलं जातं ईस्टरनंतरच्या मंगळवारी. आणि रविवारच्या वाचनांच्या तीन वर्षांच्या चक्रातल्या 'क' वर्षाच्या अकराव्या सामान्य रविवारी काय आहे? लूक ७:३६ पासून ८:३ पर्यंत. म्हणजे पापी स्त्रीची कथा आणि लगेच तिला चिकटून मग्दालीयेचं नाव, एका दमात, भरलेल्या चर्चमध्ये. २०१६ साली तिचा सण मोठा झाल्याची घोषणा झाली १० जूनला, आणि हे वाचन आलं १२ जूनला. दोनच दिवसांनी!

पर्याय आहे. तेच वाचन ७:५० ला थांबवायची मुभा आहे. आम्ही फादरांशी बोलून छोटं वाचन घेतो. पण सगळीकडे तसं होत नाही.

पारिजात
वसईचा_वारा, हे मी इतकी वर्षं बसून ऐकलंय आणि कधी लक्षात आलं नाही. ईस्टरला नवव्या ओवीवर का थांबतात, याचं काही कारण दिलेलं आहे का?

वसईचा_वारा
कुठे छापलेलं माझ्या पाहण्यात नाही. ईस्टरच्या दिवशी रिकामी कबर आणि शिष्यांचा विश्वास यावर भर, असं फादर म्हणाले. मी म्हटलं, फादर, विश्वास ठेवायला बातमी कुणी आणली?

नगरकर
आम्हा प्रॉटेस्टंटांना ठरलेल्या वाचनाची सबबही नाही. पाळक आपल्या मनाने उतारा निवडतात आणि तरी अहिल्यानगरपासून पुण्यापर्यंत "सुधारलेली वेश्या" ऐकू येतेच. यंदा ईस्टरला उपदेश माझ्याकडे आहे. योहान २०, ओवी १ ते १८. एकही ओवी गाळणार नाही.

जुनी_वही
नगरकर, उपदेशाची वेळ कळवा, मी येईन. आणि लूकच्या त्या निनावी बाईवरही कधीतरी बोला. तिचा स्वतःचा असा रविवार तिला मिळू दे.